जुनी लोकल, नवा रूळ : सेकंडहँड यंत्र घेण्यापूर्वी रेल्वेचा हिशेब पाहा

म्हसळा, श्रीवर्धन, माणगाव या भागातील आपल्या कारागिरांचा आणि छोट्या व्यापाऱ्यांचा सेकंडहँड मालाशी रोजचा संबंध आहे. सुतारकामाचे रंधा मशीन असो, बेकरीची मैदा मळण्याची मशीन असो, बोटीवर चढवायचे इंजिन असो की वेल्डिंगचा सेट असो, बहुतेकांची सुरुवात जुन्या मालानेच होते. परदेशात दहा-पंधरा वर्षे मेहनत करून परतलेला माणूस साठवलेल्या पैशातून गावी धंदा उभारतो, तेव्हा तोही आधी मुंबईच्या बाजारात जुने यंत्र मिळते का ते पाहतो. यात कमीपणा काहीच नाही. प्रश्न एवढाच, की घेतलेले यंत्र आपल्याकडे चालेल की कोपऱ्यात पडून राहील? अनेकांची जमापुंजी याच एका प्रश्नावर बुडते किंवा तरते.

हा प्रश्न समजून घेण्यासाठी रेल्वेसारखे दुसरे उदाहरण नाही. एका मार्गावर वापरलेली लोकल गाडी दुसऱ्या मार्गावर, कधी दुसऱ्या देशात, पुन्हा वीस-पंचवीस वर्षे धावते. तशाच दिसणारी, तितकीच मजबूत दुसरी गाडी मात्र भंगारात जाते. असे का होते? गाडी स्वस्त मिळाली की महाग, यावर ते ठरत नाही. ती नव्या जागेशी जुळते की नाही, यावर ते ठरते. ही जुळणी म्हणजे नेमके काय, ते आता मुंबईपासून सुरुवात करून पाहू.

मुंबईच्या लोकलचे काय झाले?

म्हसळ्याहून मुंबईला जाणारा प्रवासी एसटीने पनवेलपर्यंत गेला की हार्बरची लोकल पकडतो. या हार्बर मार्गाचा इतिहास मोठा आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातील पहिली विजेची गाडी याच मार्गावर, तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत धावली. तारेतील वीज होती १५०० व्होल्टची, डीसी प्रकारची. १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली हा मार्गही त्याच विजेवर आला. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे मुंबईच्या लोकल या विजेवर चालल्या.

डीसी विजेची अडचण अशी, की व्होल्टेज कमी असल्यामुळे तारेतून प्रवाह फार मोठा न्यावा लागतो. त्यासाठी तारा जाड लागतात आणि थोड्या थोड्या अंतरावर वीज उपकेंद्रे उभारावी लागतात. गाड्या वाढल्या, डबे नवाचे बारा झाले, तसा हा भार पेलेना. देशात इतरत्र २५ हजार व्होल्टची एसी वीज रुळावली होती. मुंबईतही तीच आणण्याचे ठरले. पश्चिम रेल्वेवर हे काम फेब्रुवारी २०१२ मध्ये पूर्ण झाले. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचा उरलेला भाग जून २०१५ मध्ये बदलला. हार्बर मार्गावर एप्रिल २०१६ मध्ये कुर्ल्याहून मुंबईकडे शेवटची डीसी लोकल गेली आणि त्या विजेची ९१ वर्षे संपली.

आता व्यापारी नजरेने पाहा. ज्या दिवशी तारेतील वीज बदलली, त्या दिवशी फक्त डीसीवर चालणाऱ्या गाड्यांची किंमत एकदम कोसळली. चाके तीच होती, डबे तेच होते, बाके तीच होती. पण २५ हजार व्होल्टची वीज उतरवून घेणारा ट्रान्सफॉर्मर आणि पुढची यंत्रणा त्यांच्यात नव्हती. ती बसवायची तर खर्च मोठा, डब्याखाली जागा कमी आणि वजन वाढणार. ज्यांचे आयुष्य शिल्लक होते आणि ज्यांवर खर्च करणे परवडत होते, अशा काही गाड्यांत नवी विद्युत यंत्रणा बसवून त्या चालू ठेवल्या गेल्या. रेल्वेच्या बोलीत त्यांना ‘रेट्रोफिटेड’ गाड्या म्हणत. हार्बर आणि ट्रान्स-हार्बर मार्गांवर त्या अनेक वर्षे धावल्या. बाकीच्या गाड्या निकालात निघाल्या. लोकलच्या डब्याचे ठरावीक आयुष्य २५ वर्षांचे धरले जाते. पण वीज बदलली की वय मोजण्याचाही प्रश्न उरत नाही.

पश्चिमेची गाडी मध्य रेल्वेवर

याच काळात दुसरी एक गोष्ट घडली. वीज बदलायची हे आधीच ठरले असल्यामुळे, जागतिक बँकेच्या मदतीने घेतलेल्या नव्या गाड्या दोन्ही प्रकारच्या विजेवर चालतील अशाच बनवल्या होत्या. डबे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचे आणि विजेची यंत्रणा सीमेन्स कंपनीची. त्यातील पहिली गाडी नोव्हेंबर २००७ मध्ये पश्चिम रेल्वेवर धावू लागली. ब्रेक लावताना मोटारीतून तयार होणारी वीज तारेत परत पाठवण्याची सोय या गाड्यांत होती. त्यामुळे विजेचे बिलही कमी झाले.

मार्च २०१५ पासून पश्चिम रेल्वेवर बम्बार्डियर कंपनीच्या यंत्रणेच्या गाड्या येऊ लागल्या. एकूण ७२ गाड्यांची, म्हणजे ८६४ डब्यांची ही खरेदी होती. नव्या गाड्या आल्या तशा पश्चिम रेल्वेवरील सीमेन्सच्या गाड्या टप्प्याटप्प्याने मध्य रेल्वेकडे देण्यात आल्या. मध्य रेल्वेच्या प्रवाशांनी तेव्हा तक्रार केली, की नवे ते पश्चिमेला आणि वापरलेले ते आम्हाला. प्रवाशाच्या बाजूने ही तक्रार समजण्यासारखी होती. पण यंत्राच्या बाजूने पाहिले तर हा व्यवहार सोपा आणि फायद्याचा होता. रुळांतील अंतर तेच, १६७६ मिलिमीटर. वीज तीच. डबा त्याच कारखान्याचा. चालवणारे आणि दुरुस्त करणारे कामगार अशा गाड्यांशी परिचित. मुंबईच्या एका मार्गावरून गाडी उचलून दुसऱ्या मार्गावर ठेवली आणि ती चालू झाली. ज्यांच्या वाट्याला आधी त्याहून जुन्या गाड्या येत होत्या, त्यांना तुलनेने चांगली गाडी मिळाली.

म्हणजे डीसीची गाडी अंगाने धडधाकट असून गेली आणि सीमेन्सची गाडी वापरलेली असून टिकली. फरक जुळणीचा.

नवी गाडीसुद्धा अडते

जुळणी हा प्रश्न केवळ जुन्या मालाचा आहे असेही समजू नये. मुंबईची पहिली वातानुकूलित लोकल एप्रिल २०१६ मध्ये कुर्ल्याच्या कारशेडमध्ये दाखल झाली, ती मध्य रेल्वेवर चालवण्यासाठी. पण तिची उंची जास्त होती. मध्य रेल्वेच्या दक्षिणेकडील भागात ब्रिटिशांच्या काळातले कमी उंचीचे पूल आहेत. त्यांच्याखालून ती सुरक्षित जाईना. कोट्यवधी रुपयांची कोरी गाडी शेवटी पश्चिम रेल्वेकडे पाठवावी लागली आणि २५ डिसेंबर २०१७ रोजी ती बोरिवली-चर्चगेट मार्गावर प्रवाशांच्या सेवेत आली. पुढच्या गाड्या बनवताना उंची कमी करण्यात आली. मध्य रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल ३० जानेवारी २०२० रोजी ट्रान्स-हार्बर मार्गावर सुरू झाली.

काही सेंटिमीटरचा हा प्रश्न होता. दुकानाच्या दारातून यंत्र आत जात नाही म्हणून भिंत फोडावी लागल्याचे प्रसंग आपल्याकडेही घडतात. फीत लावून मोजण्याचे काम दहा मिनिटांचे असते, पण ते खरेदीच्या आधी करावे लागते.

आपल्याच जिल्ह्यातील नेरळ-माथेरान

रायगड जिल्ह्यातच आणखी एक उदाहरण आहे. नेरळ-माथेरान रेल्वे सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधली. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये काम हाती घेतले आणि १९०७ मध्ये गाडी माथेरानला पोहोचली. सुमारे १६ लाख रुपये खर्च आला. एका मुस्लिम व्यापारी घराण्याने स्वतःच्या पैशातून डोंगरात रेल्वे उभी केली, ही गोष्ट आपल्या तरुणांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या रेल्वेच्या दोन रुळांतील अंतर अवघे दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर. देशातील मोठ्या मार्गावरचे इंजिन तिथे चालणे शक्यच नाही. पण दार्जिलिंगची डोंगरी रेल्वेही दोन फुटांचीच आहे. म्हणून माथेरानच्या मूळ वाफेच्या इंजिनांची सेवा संपल्यावर, पुढे पर्यटकांसाठी वाफेचे इंजिन हवे झाले तेव्हा दार्जिलिंगचे जुने इंजिन हजारो किलोमीटर दूर नेरळला आणता आले. उलट माथेरानच्या मूळ इंजिनांपैकी एक पुढे इंग्लंडला गेले, कारण तिथेही दोन फुटांच्या छोट्या रेल्वे हौसेने जपल्या जातात. जुन्या मालाला गिऱ्हाईक जवळचेच मिळते असे नाही. आपल्या मापाचे गिऱ्हाईक जिथे असेल तिथे माल जातो. विकणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावे.

सीमेपलीकडे गेलेली इंजिने

देशातील रेल्वेमार्गांचे विद्युतीकरण जोरात झाले. आपल्या कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. अशा रीतीने देशभर तारा आल्या, तशी चांगल्या स्थितीतील डिझेल इंजिने रिकामी होऊ लागली. शेजारच्या बांगलादेशाला त्यांची गरज होती. तिथल्या पश्चिम भागातील रेल्वे आपल्यासारखीच १६७६ मिलिमीटरची आहे. जुलै २०२० मध्ये भारताने १० आणि मे २०२३ मध्ये २० डिझेल इंजिने बांगलादेशाला अनुदान म्हणून दिली. ही ३३०० अश्वशक्तीची इंजिने होती. २०२० मध्ये दिलेल्या इंजिनांचे आयुष्य २८ वर्षे किंवा अधिक शिल्लक असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. देण्यापूर्वी तिथल्या गरजेप्रमाणे त्यांत फेरफार केले गेले.

त्याआधी १९९२ नंतर आपल्याकडे मीटर गेजचे मार्ग मोठ्या प्रमाणावर रुंद केले गेले, तेव्हाही असेच झाले. मीटर गेजची इंजिने भारतात निरुपयोगी ठरू लागली, पण म्यानमार आणि मलेशियात मीटर गेजच चालत असल्यामुळे तिथे त्यांना काम मिळाले. आपल्याला नको झालेली वस्तू वाईट असते असे नाही. अनेकदा आपली व्यवस्था बदललेली असते.

जकार्ताचा धडा

वापरलेल्या लोकल गाड्यांचा सर्वांत मोठा व्यवहार पाहायचा असेल तर इंडोनेशियाची राजधानी जकार्ता पाहावी. जपानमध्ये रेल्वे कंपन्या चांगल्या चालणाऱ्या गाड्याही ठरावीक वर्षांनी बदलतात. जपानच्या बहुतेक मार्गांवर रुळांतील अंतर १०६७ मिलिमीटर आहे आणि तोकियोच्या लोकलची वीज १५०० व्होल्ट डीसी आहे. जकार्तातही नेमके हेच माप आणि हीच वीज. एवढी जुळणी क्वचित मिळते.

२००० साली तोकियोच्या महानगर वाहतूक विभागाच्या भुयारी रेल्वेचे ७२ डबे जकार्ताला देण्यात आले. पुढे खरेदी सुरू झाली आणि वीस वर्षांत हजाराच्या वर जपानी डबे तिथे पोहोचले. २०१३ पासून तर तोकियो परिसरातील एकाच जातीच्या गाड्यांचे आठशेच्या आसपास डबे आले. एकच जात घेण्याचा फायदा उघड आहे. सुटे भाग एकच ठेवावे लागतात, फिटरला एकच काम नीट शिकवता येते, आणि एक गाडी बंद पडली तर तिचे भाग दुसरीला लागतात. तिकीटव्यवस्था सुधारली, टपावर बसणारे बंद झाले, महिलांसाठी स्वतंत्र डबे आले. २०१९ पर्यंत या गाड्यांतून दररोज सुमारे १० लाख लोक प्रवास करू लागले.

पण गाड्या जशाच्या तशा चालल्या नाहीत. अनेक स्टेशनांचे फलाट खाली होते, म्हणून दरवाजांना लोखंडी पायऱ्या जोडाव्या लागल्या. मार्गालगतच्या वस्तीतून दगड येत, म्हणून चालकाच्या काचेला जाळी लावली. रंग बदलला, पाट्या बदलल्या. हे काम तिथल्या वेल्डर, फिटर, रंगारी यांनी केले. जुना माल आला की हातांना काम मिळते, ते असे.

या व्यवहाराला दुसरी बाजूही आहे. जुनी गाडी आणखी जुनी होतच जाते. जपानमध्ये ती जात बंद झाली की सुटे भाग बनवणारेही थांबतात. २०२३ मध्ये जकार्ताच्या लोकल कंपनीने आणखी ३४८ वापरलेले डबे आणण्याची परवानगी मागितली. लोकांना गर्दीतून सुटका हवी होती. पण देशातील कारखान्यांना काम मिळावे आणि जुन्या मालावरचे अवलंबन संपावे, अशी सरकारची भूमिका होती. परवानगी नाकारली गेली. देशातील कारखान्याला नव्या गाड्यांची मागणी दिली गेली आणि तातडीची गरज म्हणून चीनमधून नव्या गाड्या घेतल्या. त्या २०२५ मध्ये धावू लागल्या. सेकंडहँड मालावर सुरुवात करता येते. पण त्यातून मिळालेल्या नफ्यातला काही भाग नव्यासाठी बाजूला काढला नाही, तर पुढे अडचण येते.

बेटावरची ८२ वर्षांची गाडी

इंग्लंडच्या दक्षिणेस आइल ऑफ वाइट नावाचे बेट आहे. तिथे जेमतेम १४ किलोमीटरची रेल्वे आहे. वाटेत एक बोगदा आहे आणि त्याची उंची इतकी कमी आहे, की नेहमीची गाडी त्यातून जात नाही. म्हणून १९६७ पासून तिथे लंडनच्या भुयारी रेल्वेच्या जुन्या, ठेंगण्या गाड्या वापरल्या जात. १९३८ च्या नमुन्याच्या गाड्या तिथे जानेवारी २०२१ पर्यंत धावल्या. म्हणजे बनल्यापासून सुमारे ८२ वर्षे! ज्या गाडीला लंडनने निवृत्त केले, तिला बेटाने आणखी तीस वर्षे पोसले, कारण त्या बोगद्याला तिच्यासारखी दुसरी गाडी नव्हती.

त्यानंतर आलेल्या गाड्याही लंडनच्याच, १९८० च्या आसपासच्या. त्यांचे सांगाडे घेऊन व्हिवारेल नावाच्या कंपनीने आत नवी यंत्रणा बसवली. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या सेवेत आल्या. पण जेमतेम वर्षभरात, २०२२ च्या अखेरीस, व्हिवारेल कंपनीच आर्थिक अडचणीने कोलमडली. ज्याने यंत्र दुरुस्त करून विकले, तोच बाजारात राहिला नाही, तर पुढे सुटे भाग आणि माहिती कोण देणार? जुने यंत्र घेताना यंत्राइतकाच विकणारा पाहावा लागतो, तो यासाठी.

गाडी म्हणून संपली तरी

सर्व डब्यांना दुसरा रूळ मिळत नाही. मग त्यांचा उपयोग बदलतो. आपल्या रेल्वेने प्रवासी गाड्यांचे जुने डबे आतून रिकामे करून, खिडक्या बंद करून, टोकाला मोठे दरवाजे लावून मोटारगाड्या वाहून नेण्यासाठी वापरले आहेत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ २०२१ मध्ये एका जुन्या डब्यात रेस्टॉरंट सुरू झाले. पुढे इतर स्टेशनांवरही असे डबे उभे राहिले. आपल्या एसटीनेही २०२० च्या टाळेबंदीत जुन्या बसमधील बाके काढून त्या मालवाहतुकीला लावल्या. प्रवासी वाहून नेण्यास जे थकले, ते माल वाहण्यास पुरेसे होते.

यातूनही जे उरते ते भंगार. रेल्वेचे भंगार आता ऑनलाइन लिलावाने, रेल्वेच्या आयआरईपीएस या संकेतस्थळावर विकले जाते. त्यासाठी नोंदणी आणि डिजिटल सही लागते. भंगाराचा व्यापार करणाऱ्या आपल्या बंधूंनी ही पद्धत शिकून घेतली तर मधला दलाल टळतो. मात्र एक अट नीट समजून घ्यावी. माल ‘जसा आहे, जेथे आहे’ या बोलीवर विकला जातो. म्हणजे उचलण्याचा, कापण्याचा, वाहण्याचा खर्च आपला आणि नंतर तक्रारीला जागा नाही. म्हणून बोली लावण्यापूर्वी ढीग प्रत्यक्ष जाऊन पाहणे आवश्यक आहे. फोटोवरून वजनाचा आणि धातूचा अंदाज फसतो.

आपल्या धंद्याला हे कसे लावावे?

वरील सर्व उदाहरणांतून पाच प्रश्न निघतात. जुने यंत्र पाहायला जाताना ते कागदावर लिहून न्यावेत.

पहिला, वीज जुळते का? यंत्राची मोटार थ्री फेजची आहे आणि आपल्या दुकानात सिंगल फेजचे मीटर आहे, असे असेल तर ती डीसीची लोकल आणि एसीची तार झाली. नवे कनेक्शन मिळेल का, किती दिवसांत, किती खर्चात, हे वीज कार्यालयात आधी विचारावे.

दुसरा, माप जुळते का? यंत्राची लांबी-रुंदी-उंची, वजन, दाराची रुंदी, खालच्या लादीची ताकद. बोटीवर इंजिन चढवायचे असेल तर बैठक, शाफ्टची उंची आणि खाऱ्या पाण्याची कूलिंग व्यवस्था. ट्रकवर चाललेले इंजिन समुद्रात तसेच्या तसे चालत नाही. खारे पाणी त्याला लवकर खाते.

तिसरा, सुटे भाग मिळतात का? ती कंपनी आणि ते मॉडेल अजून चालू आहे का? पट्टा, बेअरिंग, पाते माणगाव-महाडला मिळते, की दर वेळी मुंबई गाठावी लागेल? जकार्ताप्रमाणे एकाच जातीची यंत्रे घेणे शहाणपणाचे. गावातील चार सुतारांनी एकाच कंपनीचे रंधा मशीन घेतले तर एकाचा पार्ट दुसऱ्याच्या उपयोगी पडतो.

चौथा, दुरुस्त करणारा हात कुठे आहे? गावात किंवा एका तासाच्या अंतरावर तो नसेल, तर घरातील एखाद्या मुलाला ते काम शिकवावे. आयटीआयमध्ये फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन शिकलेला मुलगा घरात असणे हीच मोठी पुंजी आहे.

पाचवा, विकणारा का विकतो आहे? त्याची व्यवस्था बदलली म्हणून, की यंत्र थकले म्हणून? पहिल्या कारणाने विकलेले यंत्र सोन्यासारखे असू शकते. दुसऱ्या कारणाचे यंत्र दोष सांगून विकले असेल तर किंमत ठरवता येते. दोष लपवून विकले असेल तर कितीही स्वस्त असले तरी महाग. यंत्र थंड असताना सुरू करून पाहावे आणि अर्धा तास भार देऊन चालवावे. बिल आणि जुने कागद मागून घ्यावेत.

आता हिशेब करू. आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, नवे रंधा मशीन १ लाख २० हजारांना आणि जुने ६० हजारांना मिळते. वरवर पाहता निम्मी बचत. पण मुंबईहून वाहतूक व हमाली ८ हजार, पाया ५ हजार, विजेचे कनेक्शन व वायरिंग २० हजार. हा ३३ हजारांचा खर्च यंत्र नवे असो की जुने, सारखाच आहे. त्याशिवाय जुन्याची मोटार बांधणे, बेअरिंग बदलणे यांस १२ हजार. म्हणजे नवे पडते १ लाख ५३ हजारांना आणि जुने १ लाख ५ हजारांना. खरी बचत ६० हजारांची नव्हे, ४८ हजारांची.

पुढे पाहा. या यंत्रावर दिवसाला १२०० रुपये सुटतात असे धरले, तर ४८ हजार म्हणजे ४० दिवसांची कमाई. जुने यंत्र त्याच्या आयुष्यात नव्यापेक्षा ४० दिवस जास्त बंद राहिले, की सगळी बचत संपली. जवळ मिस्त्री आणि पार्ट असतील तर एवढे दिवस जाणार नाहीत आणि जुने घेणे फायद्याचे ठरेल. प्रत्येक बिघाडाला मुंबईहून माणूस यायचा असेल, तर पहिल्या दोन वर्षांतच ते दिवस भरतील. जुने घ्यावे की नवे, याचे उत्तर सर्वांसाठी एक नाही. पण हा हिशेब प्रत्येकाने स्वतःच्या आकड्यांनी मांडला पाहिजे.

जे विकतात त्यांनीही यातून एक गोष्ट घ्यावी. आपल्या दुकानातील जुने यंत्र भंगारवाल्याला किलोवर देण्यापूर्वी, त्याच मापाचे काम कुठे चालते याची चौकशी करावी. श्रीवर्धनला नको झालेले यंत्र मुरुड किंवा दापोलीतील कारागिराला हवे असू शकते. किलोचा भाव आणि चालू यंत्राचा भाव यांत फार फरक असतो. मात्र दोष असेल तो सांगूनच विकावे. लहान गावात गिऱ्हाईक पुन्हा येते ते शब्दावर.

रेल्वेसारख्या मोठ्या संस्थेलाही जुनी गाडी घेताना किंवा देताना वीज, माप, सुटे भाग, कारागीर आणि विक्रेता पाहावा लागतो. आपण तर आयुष्याच्या कमाईतून एकच यंत्र घेत असतो. तेव्हा बयाणा देण्यापूर्वी फीत, वीजबिल आणि ओळखीचा मिस्त्री बरोबर घेऊन जावे. तिघांपैकी एकाने जरी नाही म्हटले, तरी त्या दिवशी रिकाम्या हाताने परत यावे आणि पुढच्या सौद्याची वाट पाहावी.